परक्यांनी जपलेली आपली वाणी



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या गावात सर्वांत जुना लिहिलेला कागद कोणाच्या घरी आहे? कोणी म्हणेल, पाटलांच्या वाड्यात माळ्यावर जुने दप्तर पडले आहे. कोणी म्हणेल, आमच्या देव्हाऱ्यात लाल बासनात बांधलेली आजोबांची पोथी आहे. आणि धडगाव-मोलगीकडचा एखादा भाऊ म्हणेल, ‘आमच्याकडे कागद नाही, पण आमच्या म्हाताऱ्याला रात्रभर पुरतील एवढी गाणी तोंडपाठ आहेत.’ तिन्ही उत्तरे खरी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी भीतीही आहेच. दप्तराला वाळवी लागते, पोथीला कसर लागते, आणि म्हातारा एक दिवस निघून जातो. मग मागे काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आपण थोडे लांब जाणार आहोत. आधी पुण्याला, मग गोव्याला, आणि शेवटी परत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात. पुण्यात नगर रस्त्यावर ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ नावाची एक संस्था आहे. ख्रिस्ती धर्मातील जेझुइट नावाच्या संन्यासी मंडळींकडे तिचा कारभार आहे, आणि ख्रिस्ती धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण तेथे शिकतात. तिथे एक मोठे संशोधन-ग्रंथालय आहे. तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो धर्माचा नसून भाषेचा आहे. आपली मराठी चारशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा मोठ्या ग्रंथाच्या रूपाने छापली गेली, ती अशाच लोकांच्या हातून.

प्रथम ही संस्था म्हणजे काय, ते समजून घेऊ. आळंदीचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तेथे विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे मुले काही वर्षे राहतात, ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत शिकतात, पाठांतर करतात, आणि मग कीर्तन-प्रवचनाला बाहेर पडतात. ज्ञानदीप विद्यापीठाचे काम बरेचसे त्याच जातीचे. तेथे दोन मुख्य विद्या शिकवतात. एक तत्त्वज्ञान, म्हणजे जग, जीव, सत्य, नीती यांचा विचार. दुसरी ईश्वरविद्या, म्हणजे देवाविषयी आपल्या धर्मात जे सांगितले आहे त्याचा नीट, प्रश्न विचारून केलेला अभ्यास. जेझुइट होणाऱ्या मुलाला यासाठी किती वर्षे लागतात, ऐकून आश्चर्य वाटेल. आधी दोन वर्षे साधना, मग महाविद्यालयाचे शिक्षण आणि तत्त्वज्ञान, मध्ये एक-दोन वर्षे शाळेत किंवा खेड्यात प्रत्यक्ष काम, आणि शेवटी तीन-चार वर्षे ईश्वरविद्या. दीक्षा मिळेपर्यंत दहा वर्षे सहज उलटून जातात.

हे विद्यापीठ मूळचे पुण्याचे नव्हे. १८९३ साली सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कँडी या गावी पोपसाहेबांच्या आज्ञेने ते सुरू झाले. हिंदुस्थानातील धर्मगुरू हिंदुस्थानातच तयार व्हावेत, असा त्यामागे हेतू होता. बेल्जियम देशातून आलेल्या जेझुइटांनी ते उभे केले. पुढे हिंदुस्थान स्वतंत्र झाला, सिंहलद्वीप वेगळे राष्ट्र झाले, आणि १९५५ साली हे सारे बिऱ्हाड पुण्यास आले. १९७२ साली त्याला ‘ज्ञानदीप’ हे आपल्या कानाला ओळखीचे नाव मिळाले.

तेथेच जेझुइट विद्यार्थ्यांसाठी ‘डी नोबिली कॉलेज’ आहे. हा डी नोबिली कोण? रोबेर्तो डी नोबिली हा इटलीतील एका खानदानी घरातला मुलगा, १५७७ साली जन्मलेला. १६०६ साली तो मदुरेला पोचला. तेथे त्याने युरोपीय पोशाख टाकला, भगवी वस्त्रे घातली, मांस सोडले, तमिळ शिकला, आणि पंडितांकडे बसून संस्कृतही शिकला. संस्कृत शिकलेल्या पहिल्या युरोपीयांत त्याची गणना होते. त्याच्याच धर्मबांधवांनी त्याच्यावर टीका केली, की हा आपली रीत सोडून परक्यांची उचलतो. तक्रार थेट रोमपर्यंत गेली. पण डी नोबिलीचे म्हणणे साधे होते. ज्याला दुसऱ्याच्या घरात बोलायचे आहे, त्याने आधी त्या घराची भाषा शिकावी. शिक्षकमित्रांनो, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात जे उभे राहतात, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता ग्रंथालयाकडे येऊ. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात कादंबऱ्या, चरित्रे, मासिके आणि वर्तमानपत्रे असतात. पुस्तक घरी न्यायचे, आठवड्याने परत करायचे. संशोधन-ग्रंथालय निराळ्या तऱ्हेने चालते. तेथील पुष्कळशी पुस्तके घरी मिळत नाहीत, तेथेच बसून वाचायची असतात. कारण तेथे माणूस गोष्ट वाचायला जात नाही. एखादी गोष्ट खरी की खोटी, हे पडताळायला जातो. समजा, बायबलातील एका शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न पडला. तर मूळ हिब्रू किंवा ग्रीक पाठ हवा, शब्दकोश हवा, तोच शब्द इतरत्र कोठे कोठे आला त्याची सूची हवी, आधीच्या पंडितांची भाष्ये हवीत. एका शब्दासाठी टेबलावर आठ-दहा ग्रंथ उघडे पडतात. आपल्याकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मकोशाचे काम याच पद्धतीने केले. एक वचन घ्यायचे, ते कोणकोणत्या ग्रंथांत कोणत्या रूपात आले ते ताडून पाहायचे, आणि मगच लिहायचे.

हजारो पुस्तकांतून हवे ते नेमके कसे सापडते? तेथे कपाटांना हिशेब असतो. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली सर्व विद्यांचे दहा भाग पाडून त्यांना आकडे दिले. ती पद्धत आज जगभर चालते. त्यात २०० हा आकडा धर्माचा. २२० म्हणजे बायबल, २९४ म्हणजे भारतातील धर्म. मराठी भाषेचा आकडा ४९१.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर हा आकडा दिसला, की ते दिल्लीत असो की लंडनमध्ये, ज्ञानेश्वरी आणि तुकोबा जवळपासच असणार हे समजावे. आपल्या देशात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम १९३१ साली सांगितले. त्यांतला पहिलाच असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. कुलूप लावून ठेवण्यासाठी नसतात.

आता कोणी विचारील, ख्रिस्ती धर्मगुरूंच्या अभ्यासात गीता आणि उपनिषदे कशाला? त्याचे कारण डी नोबिलीच्या गोष्टीत आलेच आहे. पुण्याच्या जेझुइटांत याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. फादर गी दल्यरी हे फ्रेंच गृहस्थ. त्यांनी १९५६ साली तुकोबांचे अभंग फ्रेंच भाषेत नेले आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने छापला. फादर मॅथ्यू लेडरले हे जर्मन. त्यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारावर ग्रंथ लिहिला आणि पुण्यात ‘स्नेहसदन’ हे भेटीगाठींचे व अभ्यासाचे घर चालवले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ साली इतिहास-संशोधनाची संस्था काढली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पण या गोष्टीचे मूळ याहून फार जुने आहे. त्यासाठी गोव्याला जाऊ या.

१५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. तेथे नुकतीच एक धर्मशाळा, म्हणजे धर्मशिक्षणाची पाठशाळा, सुरू झाली होती. ती जेझुइटांच्या हाती आली आणि ‘सेंट पॉल कॉलेज’ म्हणून नावारूपाला आली. १५५६ साली एक जहाज तेथे लागले. त्यात छापखान्याचे सामान होते. ते खरे म्हणजे जायचे होते हबसाणात, आजच्या इथिओपियात. पण पुढचा प्रवास रखडला, आणि यंत्र गोव्यातच उतरले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना हाच. म्हणजे आपल्याकडे छपाई आली ती अशी वाट चुकून.

१५७९ साली त्याच गोव्यात एक इंग्रज तरुण उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मरण येईपर्यंत, तो बहुतेक साष्टीच्या गावांतून राहिला. तेथल्या लोकांची कोंकणी तो शिकला, आणि पुराणे ज्या मराठीत सांगत ती मराठीही शिकला. १५८३ साली त्याने भावाला पत्र लिहिले, त्यात एक मोलाची गोष्ट आहे. इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्याने कळवले. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार कलकत्त्यात १७८६ साली मांडला, आणि त्यातून भाषाशास्त्र नावाची नवी विद्या उभी राहिली. स्टीफन्सने तो दोनशे वर्षे आधी टिपला होता. पण त्याचे पत्र दप्तरात पडून राहिले, ते विसाव्या शतकात छापून बाहेर आले. लिहिलेले जपले गेले, पण वेळेवर वाचले गेले नाही, तर कसे होते याचे हे उदाहरण.

या स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि त्या मराठीत. आपल्या पोथीचा जो थाट, तोच थाट. फक्त कथा बायबलातली. आरंभी त्याने मराठी भाषेची थोरवी गायिली आहे, आणि इतक्या प्रेमाने गायिली आहे की मराठीच्या इतिहासात तिचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. १६१६ साली साष्टीतल्या राशोल येथे हा ग्रंथ छापला. मात्र अक्षरे रोमन होती. देवनागरीची अक्षरे ओतून खिळे करण्याचा प्रयत्न गोव्यात त्याआधी झाला होता, पण तो तडीस गेला नाही. आपली जोडाक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या खिळ्यांत बसवणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. पुढे १६४० साली, स्टीफन्सच्या मरणानंतर, त्याने केलेले कोंकणीचे व्याकरणही छापले गेले.

येथवर ही गोष्ट कौतुकाची झाली. परंतु श्रोतेहो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण अर्धे खोटे बोललो असे होईल. स्टीफन्सला पुराण लिहावे का लागले? त्याच्याच ग्रंथात कारण आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही काय वाचावे? त्या काळी गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती. सोळाव्या शतकात तिने देवळे पाडली होती, पोथ्या जप्त केल्या होत्या. १५६० साली धर्मन्यायालय बसवले होते, आणि त्याच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे देव उचलून परमुलखात गेली. ज्या माणसांनी आपली भाषा प्रेमाने शिकली, ती माणसे त्याच राज्यसत्तेच्या आश्रयाला होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

यातूनच एक विलक्षण प्रकार घडला. जप्त केलेल्या पोथ्या वाचून पाहण्यासाठी धर्मगुरूंनी रामायण-महाभारतातील कथांच्या नकला रोमन लिपीत करून घेतल्या. त्या नकला पुढे पोर्तुगालात पोचल्या. आज त्या त्या देशातील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. गोव्यातल्या मूळ पोथ्यांचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण त्या काळचे कोंकणी गद्य कसे होते, हे अभ्यासकांना कळले ते या नकलांवरून. ज्यांनी पोथ्या घेतल्या, त्यांच्याच कपाटात त्या वाणीचा अंश उरला. असे का झाले? ज्यांची ती वाणी होती, त्यांच्या हाती ती जपण्याचे बळ उरले नव्हते म्हणून.

स्वतः ख्रिस्तपुराणाचे दैवही काही निराळे नाही. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. पण १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. जी भाषा शिकण्यासाठी आधीच्या पिढीतल्या पाद्र्यांनी आयुष्ये घालवली, तीच आता नकोशी झाली. १७५९ साली पोर्तुगीज राजाने जेझुइटांनाच आपल्या मुलखातून हाकलले. १७७३ साली पोपने हा संघच मोडला. १८१४ साली तो पुन्हा उभा राहिला. एवढ्या उलथापालथीत काय टिकणार? तिन्ही वेळा छापलेल्या ख्रिस्तपुराणाची एकही छापील प्रत आज कोठे सापडत नाही. सेंट पॉल कॉलेजची इमारतही गेली. जुन्या गोव्यात त्याची एक कमान तेवढी उभी आहे.

मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? ख्रिस्ती घरांतून लोकांनी त्याच्या हाताने नकला करून ठेवल्या होत्या, आणि उपासाच्या दिवसांत ते ओव्या म्हणत असत. त्या हस्तलिखितांवरून मंगळूर येथे १९०७ साली जोसेफ साल्दान्हा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या एका विद्यासंस्थेच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले. मग पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ख्रिस्तपुराण देवनागरीत छापले. म्हणजे १६१६ साली छापलेला मराठी ग्रंथ मराठी लिपीत वाचायला मराठी माणसाला ३४० वर्षे थांबावे लागले. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांनी या साऱ्या कामाचा माग काढण्यात आयुष्य घातले.

मंडळी, यातून मला एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. छापले म्हणजे टिकले, असे नाही. दगडी इमारतीत ठेवले म्हणजेही टिकले, असे नाही. ख्रिस्तपुराण टिकले ते दोन गोष्टींमुळे. घरोघर लोक ते म्हणत राहिले, आणि कोणीतरी उतरवून ठेवत राहिले. ओठ आणि हात, दोन्ही चालू होते.

आपल्या महानुभाव पंथाचे पाहा. लीळाचरित्रासारखे मराठीतले आद्य गद्य ग्रंथ त्यांच्या मठांत सांकेतिक लिपीत बंद होते. राजवाडे-भाव्यांसारख्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली मिळवली, तेव्हा मराठीचा इतिहास नव्याने लिहावा लागला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आपल्या खानदेशाशी जोडलेले. त्यांचा देह १९२६ साली धुळ्यास पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. शंकरराव देवांनी गावोगाव हिंडून गोळा केलेली रामदासी हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. नंदुरबारहून हे काही फार दूर नाही. शाळेची सहल धुळ्याला गेली, तर मुलांना एकदा तरी ही कपाटे दाखवा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. नवापुरात मावची, अक्कलकुव्याकडे वसावी आणि देहवाली, धडगावात पावरी, शहाद्याकडे गुजर, आणि सपाटीवर अहिराणी. एका जिल्ह्यात इतक्या बोल्या! अहिराणीत मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हे शब्द नाहीत. म्हणून काय ते चुकीचे झाले? साष्टीच्या शेतकऱ्याचे शब्द स्टीफन्सला चुकीचे वाटले असते, तर त्यांचे व्याकरण त्याने केले नसते.

या आपल्या बोल्यांचे लिहिलेले नमुने कोठे आहेत, ठाऊक आहे? जॉर्ज ग्रियर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला, तो भिल्ली बोल्यांचा आणि खानदेशीचा. त्यात मावची आहे, पावरी आहे, देहवाली आहे. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने एकच गोष्ट सगळीकडे भाषांतरित करून घेतली. ती बायबलातली, बापाचे घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची. सगळीकडे गोष्ट एकच घेतली, म्हणजे भाषांतील फरक नेमका कळतो. युक्ती चांगली होती. पण विचार करा, आपल्या डोंगरातल्या माणसाची बोली शंभर वर्षांपूर्वी कागदावर आली, ती दुसऱ्याने निवडलेली गोष्ट सांगत. त्याची स्वतःची गोष्ट काय होती? होळीला तो काय गात होता, पेरणीला काय म्हणत होता, मेलेल्याला निरोप कसा देत होता? ते त्या खंडात पुरते सापडायचे नाही.

अलीकडे डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. त्याचा महाराष्ट्र खंड २०१३ साली निघाला. त्यात बोली बोलणाऱ्यांनीच आपल्या बोलीविषयी लिहावे असा आग्रह होता. ही दिशा योग्य आहे. पण एका खंडात किती मावणार? बाकीचे काम गावातच व्हायचे आहे.

शिक्षकमित्रांनो, हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक शंभर पानी वही लागते. कसे करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट. मुलाला सांगा, आजीला एक गोष्ट विचारून ये आणि ती जशी सांगते तशीच लिही. मराठीत सुधारून नको. आजीने जो शब्द वापरला तोच हवा. देवनागरीत जो उच्चार बसत नाही, तेथे खाली खूण करा आणि तो कसा म्हणतात ते साध्या शब्दांत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट. प्रत्येक गोष्टीखाली चार नोंदी केल्याच पाहिजेत. कोणी सांगितली, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, आणि कोणी लिहून घेतली. या चार नोंदी नसतील तर संशोधकाला त्या कागदाचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो. सांगणाऱ्याची परवानगी मात्र आधी घ्या. काही गाणी विशिष्ट विधीतच म्हणायची असतात. ती बाहेर देऊ नये असे गावाला वाटत असेल, तर त्या इच्छेचा मान राखा. गोव्यात पोथ्या जबरदस्तीने नेल्या, त्या रीतीने आपण काही नेऊ नये.

तिसरी गोष्ट. वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत, दुसरी तालुक्याच्या वाचनालयात. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतही मान्यता असलेली वाचनालये आहेत. कपाटातला एक खण ‘आपल्या गावची वाणी’ म्हणून राखून ठेवा. आजकाल खिशात फोन असतो. आवाजही टिपून ठेवा. पण केवळ फोनवर विसंबू नका. फोन बिघडतो, बदलतो, आणि आतले सारे त्याच्याबरोबर जाते. वहीतली शाई, वही कोरडी ठेवली तर, नातवंडे वाचू शकतील.

चौथी गोष्ट घरातल्या जुन्या पोथ्यांविषयी. पोथी जमिनीलगत किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवू नका. सुती बासनात सैल बांधा, वेखंडाची कांडी किंवा सुकलेला कडुनिंबाचा पाला जवळ ठेवा, आणि वर्षातून एकदोनदा सावलीत वारा द्या. कडक उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो. फाटलेले पान गोंदाने किंवा चिकटपट्टीने जोडू नका. पोथीतले अक्षर कळत नसेल, तर फेकू नका. न कळणाऱ्या अक्षराची किल्ली कधी ना कधी मिळते, हे महानुभावांच्या पोथ्यांवरून आपण पाहिलेच.

आणि कधी पुण्याला जाणे झाले, तर तेथल्या संशोधन-ग्रंथालयांत पाऊल ठेवायला संकोचू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर संस्था आहे, ज्ञानदीप विद्यापीठ आहे. शाळेचे पत्र जवळ ठेवा, आपण काय शोधतो ते एका वाक्यात लिहून न्या. ग्रंथपाल हा माणूस बहुधा विचारणाऱ्याची वाटच पाहत असतो. ग्रंथालय कोणत्या धर्माच्या माणसांनी चालवले आहे, हा प्रश्न पुस्तक मागताना आडवा येत नाही. आला तर ते ग्रंथालय नव्हे.

स्टीफन्स परमुलखातून आला आणि आपली भाषा शिकला, याचा आपल्याला अभिमान वाटतो. वाटावाच. पण त्याबरोबर थोडी लाजही वाटली पाहिजे, की आपली वाणी जपायला आपल्याला परक्याची वाट पाहावी लागली. सातपुड्याच्या बोल्यांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये. तोरणमाळच्या पायथ्याचा तो म्हातारा आज आहे, त्याची गाणी आज त्याच्या ओठांवर आहेत, आणि त्याची नात तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली आहे. तिच्या हातात उद्या एक वही द्या.